स्टिअरिंगवरचं लाल फडकं

आमच्या गाडीचं स्टिअरिंग चार बोटं इकडेतिकडे फिरवलं तरी चाकांना त्याचा पत्ता नसायचा. पावसाळा संपता संपता ती चार बोटांची पाच बोटं झाली. बाबा गाडी चालवताना दोन्ही हातांनी स्टिअरिंग सारखं चाळवत असायचे आणि मागच्या सीटवरून आई विचारायची, गाडी चालवून राहिले का लोणी काढून राहिले. गाडी तिसऱ्या हाताची होती, करड्या रंगाची, दारं दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. तरी ती गाडी होती. आमच्या ओळखीच्या माणसांत आणखी कोणाकडे गाडी नव्हती. त्यामुळे कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण, कोणाचा दवाखाना, सगळ्याला ती जायची आणि तिच्यासोबत बाबांचा रविवार जायचा.

आम्ही जरीपटक्यात एका कापडदुकानाच्या वर भाड्यानं राहत होतो. खाली दुकान, मागे अंगण, अंगणात नळ, आणि नळापासून भिंतीपर्यंत जेवढी जागा उरली तेवढीत गाडी. दुकान दयालचाचांचं. ते सिंधी होते, आमच्याशी हिंदीत बोलायचे आणि आईशी अधूनमधून मराठीत, पण ते मराठी फक्त आईलाच समजायचं. पहाटे त्यांच्या शटरचा खडखडाट, मग आईच्या खलबत्त्याचा ठोका, मग रेल्वेच्या मालडब्यांचे दूरचे धक्के, या क्रमानं आमचा दिवस उघडायचा. बाबा खापरखेड्याच्या पॉवरहाऊसमध्ये मेंटेनन्सचे फोरमन होते. पॉवरहाऊसची बस चौकातून त्यांना घेऊन जायची. त्यांच्या कपड्यांना कोळशाचा आणि ग्रीसचा वास असायचा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची.

गाडीचं काम बाबा घरीच करायचे. पैशांसाठी करतात असं लोकांना वाटायचं, पण पैशांचा प्रश्न नव्हता. दुसऱ्यानं आवळलेल्या नटवर त्यांचा भरवसाच नव्हता. माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे आज दोन याद्या टांगलेल्या असतात, संपलेल्या वस्तूंची आणि संपत आलेल्यांची, आणि सुना त्यावरून हसतात. ही सवय बाबांची. कामाला हात घालण्याआधी काय काय उघडायचं, कोणत्या क्रमानं, आणि उघडलेलं कुठे ठेवायचं, हे ते आधी बोलून दाखवायचे. ऐकायला बहुतेक वेळा मी असायची. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दादा, माझा मोठा भाऊ सुरेश, भंडाऱ्याला नोकरीला लागला होता, आणि घरी होता तेव्हाही पान्याला हात लावायचा नाही. त्याला गाडी चालवायला आवडायची. गाडीखाली काय असतं यात त्याला रस नव्हता.

ढिलाईचं मूळ टायरॉडच्या टोकांत होतं. स्टिअरिंग फिरवलं की दोन्ही चाकं एकदम वळवतो तो आडवा दांडा म्हणजे टायरॉड. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोळीचा सांधा असतो, खालून वर घुसलेला, वरून नट आवळलेला, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालून तिची टोकं वाकवलेली. हे सांधे घासून गुळगुळीत झाले होते. बाबांनी नवे आणून ठेवले आणि खंडेनवमीला सुटी मिळाली त्या सकाळी काम काढलं.

आता आमच्या घरातला नवमीचा नियम सांगायला हवा. घरातली सगळी हत्यारं त्या दिवशी पूजेला बसायची. बाबांचे पाने, हातोडे, पकड, आईची विळी, कात्री, शिलाई मशीनचा डबा, माझी कंपासपेटी, सगळं धुऊनपुसून दुपारच्या नैवेद्याच्या आत पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि मग दसऱ्याच्या संध्याकाळी देवाला सोनं वाहून होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. आई त्या दीड दिवसाची भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. पॉवरहाऊसमध्येही हेच चालायचं, त्यामुळे बाबांना त्यात वावगं काही वाटत नसे. नैवेद्याच्या आत काम उरकू, असा त्यांचा हिशेब होता.

उजवी बाजू झटपट झाली. जुना सांधा सुटत नव्हता तेव्हा बाबांनी दोन हातोडे घेतले, एक टेकवून धरला आणि समोरून दुसरा हाणला, आणि सांधा टुणकन खाली पडला. मी जुना सांधा दांड्यावरून फिरवून काढताना फेरे मोजले, भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या, नवा तेवढ्याच फेऱ्यांनी चढवला. नाहीतर चाकं एकमेकांकडे तिरळी बघू लागतात, असं बाबा म्हणायचे. डावी बाजू मात्र अडली. नवा सांधा बसला, पण नटच्या खाचा आणि पिनचं भोक एका रेषेत येईनात. नट अजून आवळायला हवा होता आणि तिथे मडगार्डच्या आत पाना पुरता फिरत नव्हता. वरून पुरणाचा वास येत होता आणि आई गॅलरीतून तिसऱ्यांदा ओरडत होती की हत्यारं द्या, पूजा खोळंबून राहिली. शिवाय तिला गाडीही चार चाकांवर उभी हवी होती. लंगडी गाडी दसऱ्याच्या पूजेले ठेवाची नाई, म्हणाली.

बाबांनी मडगार्डखालून डोकं बाहेर काढलं, थोडा वेळ विचार केला आणि नट हातानं जेवढा फिरेल तेवढा फिरवून ठेवला. पिन खिशात टाकली. मग आम्ही चाक चढवलं, जॅक उतरवला, हत्यारं नळाखाली धुतली.

"एकादशीले पुरं करू," ते मला म्हणाले, आणि डिकीतून एक लाल फडकं काढून त्यांनी स्टिअरिंगला गच्च गाठ मारून बांधलं. ही त्यांची पॉवरहाऊसची रीत होती. एखाद्या यंत्रावर काम अर्धवट असलं की त्याच्या स्विचला लाल फडकं बांधायचं. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. मोठा साहेब आला, वीज बंद पडली, काहीही झालं तरी दुसऱ्यानं त्या गाठीला हात लावायचा नाही. फडक्यानं सगळं सांगून झालं, अशी त्यांची खात्री होती. आईला त्यांनी जिना चढता चढता फक्त एवढं सांगितलं की गाडीले हात लावू नका. मी हात धुवायला मागे थांबले होते, पण मलाही ते ऐकू आलं.

संध्याकाळी दादा, वहिनी आणि त्यांची मुन्नी भंडाऱ्याहून आले. मुन्नी तेव्हा नुकती बसायला लागली होती, धरलं नाही तर हळूच एका बाजूला कलंडायची. तिचा पहिला दसरा होता. वहिनीचं माहेर कन्हानला, तिचे वडील तिथे खाणीत होते, आणि दसऱ्याला नातीला घेऊन या असा त्यांचा निरोप आला होता. बाबांची पहिली पाळी होती म्हणून ते जेवून लवकर झोपले. दादा आणि बाबा त्या काळात एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. नोकरी लागल्यावर दादानं स्वतःच्या मनानं घेतलेल्या काही निर्णयांचं ते होतं, त्यात आता शिरत नाही. दोघं एका घरात असले की आई दोघांच्या मधे निरोप्यासारखी फिरायची, एवढं सांगितलं तरी पुरे. पहाटे आम्ही उठायच्या आत बाबा निघून गेले होते.

दसऱ्याच्या सकाळी मला फुलं आणि आपट्याची पानं आणायला पाठवलं. इंदोऱ्याच्या चौकापर्यंत चालत गेले. दीक्षाभूमीला जाणारी माणसं रस्त्यानं लोटली होती, बाया, म्हातारे, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, पांढरे कपडे, निळे झेंडे, आणि मधूनच माणसांनी भरलेला एखादा ट्रक. कामठीकडून गर्दीची धारच लागली होती. रस्ता ओलांडायलाच मला बराच वेळ लागला. झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन परत आले तेव्हा अंगण मोकळं होतं. नळापासून भिंतीपर्यंत ओली फरशी होती, फरशीवर तांदळाचे दाणे आणि हळदीचा सडा, आणि वरती दोरीवर मुन्नीच्या लंगोटांच्या शेजारी ते लाल फडकं, धुऊन, झटकून, चिमटा लावून वाळत घातलेलं.

मी टोपली खाली ठेवली नाही. तशीच जिना चढले. आई पुरण वाटत होती. गाडी कुठे आहे असं विचारल्यावर तिनं मान वर न करता सांगितलं की सुरेश कन्हानले घेऊन गेला, मुन्नीले उन्हाच्या आत पोचवतो म्हणाला. तिनंच सकाळी गाडी धुतली होती, हार घातला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती. पूजेच्या गाडीत तेलाचं चिकट फडकं बरं दिसत नाही म्हणून ते सोडून काढलं होतं.

"गाठ किती आवळली होती वं त्यायनं," ती म्हणाली. "दातानं सोडावी लागली."

मी तिला डाव्या चाकाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पुरणाचा हात तसाच धरून ती उभी राहिली, आणि पहिला प्रश्न तिनं विचारला तो नेमका होता: नट कधी निघंल? मला उत्तर ठाऊक नव्हतं. सरळ रस्त्यावर सांधा आपल्या जागी अडकून राहिला असता, खड्ड्यांनी आणि वळणांनी नट फिरत फिरत सुटला असता, आणि जोरात ब्रेक मारला असता तर चाकं दोन दिशांना फाकली असती. कामठीच्या पुढे कन्हानचा पूल होता. पुलावर समोरून ट्रक आला की दादा डावीकडे, कठड्याला घासून गाडी घ्यायचा, ते आम्हा दोघींना डोळ्यांसमोर दिसलं.

दयालचाचांच्या दुकानात फोन होता आणि बाहेर त्यांची स्कूटर. आईनं जिन्यावरूनच त्यांना हाक मारली. चाचांनी दोन प्रश्न विचारले, गाडी कधी निघाली आणि कोणत्या रस्त्यानं, आणि अंगठ्यानं मला मागे बसायला खुणावलं. फोन आईनं हातात घेतला. खापरखेड्याला फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल, बुक करायचा आणि वाट पाहायची. आईनं त्याआधी कधी फोनवर बोललेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि काळ्या रिसीव्हरला तिच्या बोटांचं पुरण लागलं होतं.

रस्ताभर मी चाचांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. गाडी दिसली तर समोरून आडवे जाऊ नका, हॉर्न वाजवू नका, दादा दचकला तर ब्रेक मारेल. चाचा दर वेळी म्हणायचे, "समझ गया, बेटी." मग काही अंतर गेलं की मी पुन्हा सांगायची. समोरून माणसांचा लोंढा येत होता, त्यामुळे कामठीकडे जाणारी वाहनं एका कडेला दबून रांगत होती. ती गर्दीच आमच्या बाजूनं होती. जोपर्यंत रस्ता भरलेला आहे तोपर्यंत दादाला वेगानं जाता येणार नव्हतं. माणसं विरळ झाली की मी चाचांच्या खांद्यावरून पुढे बघायची, ट्रकभर माणसं गाणी म्हणत समोरून आली की बरं वाटायचं. प्रत्येक करड्या गाडीला मी आपलीच समजत होते. प्रत्येक मोरीच्या कठड्याखाली मी वाकून बघत होते, आणि का बघतेय हे स्वतःला सांगत नव्हते.

कामठी जवळ आली तिथे झाडांच्या रांगेत मला झेंडूचा हार दिसला. पुढचा रस्ता मोकळा होत चालला होता. दादानं नुकताच वेग वाढवला होता, मागच्या काचेतून वहिनीचा अंबाडा दिसत होता. चाचांनी स्कूटर उजव्या बाजूनं त्याच्या खिडकीला आणली. दादानं आमच्याकडे पाहिलं, चाचांना आणि मागे मला, आणि हसला. सणाच्या दिवशी आम्ही त्याच्याशी शर्यत लावायला आलोय असं त्याला वाटलं. त्यानं हात वर केला आणि गाडी दामटली.

मला ओरडता येत नव्हतं. ओरडले असते तर तो वळून बघणार. चाचांनी पुन्हा गाठलं, या वेळी मागच्या खिडकीपाशी, आणि माझी नजर वहिनीच्या नजरेला भिडली. मांडीवर मुन्नी. मी हाताचा पंजा सावकाश खाली दाबून दाखवला, हळू, हळू. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. वहिनीचं हसू गेलं. तिनं मुन्नीला छातीशी धरलं, पुढे वाकून दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलली. तिनं काय सांगितलं ते मी नंतर विचारलं होतं. ती म्हणाली, एवढंच म्हणाली मी, की मालू हसून नाही राहिली.

गाडीचा आवाज खाली आला. आम्ही पुन्हा दादाच्या खिडकीपाशी गेलो आणि मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हणाले, "दादा, ब्रेकला पाय लावू नको. डावं चाक अर्धवट आहे. नुसता पाय काढ आणि बाजूला घे."

दादाचा एक हात खिडकीवर होता तो त्यानं आत घेतला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. गाडी बैलगाडीच्या चालीवर आली, मग त्याहून हळू, आणि ती डांबरावरून कडेच्या मातीत उतरली तेव्हा टक्कन आवाज झाला. फार मोठा नाही. सुपारी फुटावी एवढा. पुढचं टोक एका बाजूला झुकलं आणि गाडी आपोआप थांबली. उजवं चाक रस्त्याकडे बघत होतं, डावं शेताकडे.

वहिनी मुन्नीला घेऊन उतरली आणि दूर झाडापर्यंत चालत गेली, मागे न बघता. दादा उतरून चाकाकडे पाहत राहिला. गाडीचं मागचं अंग अजून डांबरावर होतं, तेव्हा पायी चाललेल्या जथ्यातली दहाबारा माणसं थांबली. एका म्हाताऱ्यानं झेंडा दुसऱ्याच्या हातात दिला, वाकून चाकं पाहिली आणि दादाला म्हणाला, "दुसरा जनम घेऊन आला तू, बाबू." मग त्यांनी पुढून मागून हात घालून गाडी उचलली, सावलीत नेऊन ठेवली, वहिनीला प्यायला पाणी दिलं आणि चालायला लागले. नट कुठेच सापडला नाही. मी रस्त्यावर मागे जाऊन शोधून आले.

चाचा आईला आणायला परत गेले. आम्ही तिघं झाडाखाली थांबलो, मुन्नी आपट्याचं पान चावत बसली. पुढे कामठीच्या बाजूनं एक कोळशाचा ट्रक येऊन थांबला आणि बाबा खाली उतरले, पाळीच्या कपड्यांत, तोंड काळं. ते आधी झाडापाशी आले. मुन्नीच्या डोक्याला हात लावायला पुढे केला, हात काळा दिसला तसा मागे घेतला. मग गाडीकडे गेले.

दादा त्यांच्या मागोमाग गेला. त्यानं मनात साठवलं होतं ते सगळं बोलून टाकलं. मिस्त्री मेले होते का गावातले. आपण करायचं तर पुरं करायचं. त्याची बायको, त्याची मुलगी आत होती. बाबा मान खाली घालून ऐकत होते. बाबांना असं कोणी बोलतंय आणि बाबा ऐकताहेत, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"खरं आहे तुझं," ते शेवटी म्हणाले. "उठवून सांगाले पाहिजे होतं तुले. फडकं बांधलं, तं सांगून झालं असं वाटलं मले."

दादा भांडायच्या तयारीनं उभा होता, आणि समोर भांडायला कोणी उरलं नव्हतं.

मग चाचांची स्कूटर आली. मागे आई, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पाटावरच्या लाल कापडाचं भलं मोठं गाठोडं. तिनं ते गवतावर सोडलं. पाने होते, हातोडे होते, आणि त्यांच्यासोबत विळी, कात्री, माझी कंपासपेटीसुद्धा. कोणतं लागेल ते तिला माहीत नव्हतं, म्हणून पूजेतलं सगळंच्या सगळं उचलून आणलं होतं. प्रत्येक पान्यावर कुंकवाचं बोट होतं. जुने सांधे बाबांनी ज्या डब्यात ठेवले होते तो डबाही तिनं आणला, आणि बरं झालं, कारण त्यात जुना नट होता. बाबांनी विळी उचलून बाजूला ठेवली. ते हसतील असं मला वाटलं, पण त्यांनी कुंकू न पुसता पाने ओळीनं मांडले.

फोनवर काय झालं ते तिथे उभ्या असलेल्या दयालचाचीनं मला पुढे सांगितलं. फोन लागला तेव्हा आई एवढंच म्हणाली होती: फडकं मी सोडलं, गाडी सुरेश कन्हानले घेऊन गेला. त्यावर पलीकडे इतका वेळ शांतता होती की एक्स्चेंजमधल्या बाईनं विचारलं, बोलणं सुरू आहे का. मग बाबांनी फक्त पाने पाठवायला सांगितलं.

आता आई बाबांच्या शेजारी गवतात बसली आणि हळू आवाजात म्हणाली की तुम्ही म्हणाले होते हात लावू नका. बाबा म्हणाले, काहून लावू नका ते नाही सांगितलं मी.

"सांगतलं असतं तं म्या ऐकलं असतं का?" आई म्हणाली. "पूजेच्या दिवशी?"

बाबांनी पाना दादाच्या हातात दिला. चाक काढलं तरी मडगार्डमध्ये माझा हात पुरत नाही, तुझा लांब आहे, म्हणाले. ते खरं होतं की नाही कोणास ठाऊक. दादा पहिल्यांदाच गाडीखाली आडवा झाला, पांढऱ्या सदऱ्यासकट. खाच आणि भोक एका रेषेत यायला त्यालाही बराच वेळ लागला, बाबा बाहेरून नुसते "अजून" म्हणत होते, आवाज न चढवता. बाबांनी खिशातून पिन काढून दिली. दादानं ती घातली, टोकं वाकवली, पुन्हा हात लावून पाहिली. बाबांनी आत डोकं घालून तीच तपासली आणि मान हलवली.

चाक चढलं, गाडी उभी राहिली, उन्हं उतरायला लागली. कन्हानला जेवणाची पानं थांबली असणार. बाबांनी मागचं दार उघडलं. वहिनी झाडाखालून हलली नाही. तिचा आवाज अजिबात चढला नाही, पण तिनं साफ सांगितलं की ती बसनं जाईल, मुन्नीला त्या गाडीत घालणार नाही. दादा काही बोलायला गेला, तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. बाबा दार धरून तसेच उभे होते. वहिनीनं त्यांना कधी उलट उत्तर दिलेलं नव्हतं आणि आताही दिलं नव्हतं. ती फक्त बसत नव्हती. आज माझ्या नातवंडांना कोणाच्याही गाडीत बसवताना मला तिचं तेव्हाचं पाठ ताठ करून उभं राहणं आठवतं. ती बरोबर होती.

आईनं पदर खोचला. ती पुढचं दार उघडून बाबांच्या शेजारी जाऊन बसली. आई आयुष्यात कधी पुढे बसली नव्हती, तिला समोरून येणारी वाहनं बघवत नसत. दोघं निघाले. शेतांकडे एक मोकळा कच्चा रस्ता फुटत होता, बाबांनी गाडी त्यावर घातली. आम्ही बघत होतो. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत फिरवलं, उजवीकडे टोकापर्यंत, मुद्दाम खड्ड्यांतून नेली, वेग घेतला आणि जोरात ब्रेक मारला. धूळ उडाली. धुळीत गाडी दिसेनाशी झाली आणि दादानं माझं मनगट पकडलं. मग ती वळून परत आली, सरळ.

आई उतरली. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसून राहिले, त्यांनी वहिनीकडे पाहिलं नाही. वहिनी पुढे आली आणि तिनं विचारलं ते बाबांना नाही, आईला.

"आई, खरं सांगा. आवाज आला का काही?"

"आला," आई म्हणाली. "माह्या छातीचा."

वहिनी हसली नाही. ती आईकडे पाहत राहिली, मग चाकाकडे, मग पुन्हा आईकडे. आई मागच्या सीटवर सरकून बसली. वहिनीनं वाकून मुन्नीला आधी तिच्या मांडीवर दिलं आणि मग पदर सावरून स्वतः आत बसली.